काळ्या काठाचा संच

२ फेब्रुवारी

फादर किलियन यांनी आज सुचवलं की मी रोज दहा मिनिटं वही घेऊन बसावं आणि दिवसभरातले दोष प्रामाणिकपणे लिहून काढावेत. "नव्या मदरला याची फार गरज असते," म्हणाले. खरंच आहे. गेल्या महिन्यात मठाने मला मदर म्हणून निवडलं, पाच विरुद्ध तीन मतांनी. ती तीन मतं कुणाची ते मला ठाऊक आहे, आणि मी ते विसरूनही गेले आहे.

आजचे दोष : सिस्टर बर्टिला स्वयंपाक करताना रेडिओवर पोल्का नाचाचं संगीत लावते आणि त्या तालावर बटाटे सोलते. सिस्टर पॉलिकार्प सकाळच्या प्रार्थनेत झोपली आणि भलत्याच ठिकाणी आमेन म्हणाली. तिचं वय एक्याण्णव आहे, पण आमेनला वय नसतं. कुणीतरी जॅमच्या बरणीत चमचा तसाच ठेवला होता.

दहा मिनिटं पुरत नाहीत.

९ फेब्रुवारी

वकिलाचं पत्र आलं. ओटिली ब्रँट, चीजच्या कारखानदाराची विधवा, जानेवारीत वारली. तिने आम्हाला दोन हजार डॉलर ठेवले आहेत. पण अट अशी : "ही रक्कम छप्पर, बॉयलर, गोरगरीब किंवा आफ्रिकेतलं मिशन यांपैकी कशावरही खर्च करू नये. सिस्टरांनी मजा करावी. केली की नाही हे माझा वकील बघेल."

मी सभा बोलावली. आम्ही आठ जणी. मजा म्हणजे काय यावर वीस मिनिटं कुणीच बोललं नाही. मी सुचवलं, लॅटिन भजनांची नवी पुस्तकं घेऊ.

मग बर्टिला उठली. "आपण बेसबॉलच्या कार्डांचा एखादा जुना संच जमवू या. एका वर्षाची सगळी, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत. एकेक शोधायचं, एकेक मिळवायचं. हिवाळा कसा जाईल कळणार नाही."

"ती च्युइंगमबरोबर मिळायची ती?" मी विचारलं.

"तीच. खेळाडूचा फोटो पुढे, पाठीमागे त्याचे आकडे."

पॉलिकार्प जागी झाली. "मी चाळीस वर्षं चौथीला शिकवलं," ती म्हणाली. "पोरं मला कार्डं दाखवायची. पण सगळी बघून कधी झालीच नाहीत. मधेच घंटा व्हायची."

सात विरुद्ध एक. मी मोठ्या मनाने निकाल मान्य केला आणि कुठल्या वर्षाचा संच घ्यायचा हे ठरवायला तिघींची समिती नेमली : मी, बर्टिला आणि पॉलिकार्प. सेंट वेंडेलच्या शाळेत मी तेरा वर्षं मुख्याध्यापिका होते. समिती नेमली की विषय आपोआप मरतो.

१७ फेब्रुवारी

विषय मेला नाही. बर्टिलाने गाडी काढली आणि आम्ही गावात कार्डांच्या दुकानात गेलो. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं. पाटीवर स्पेलिंगची चूक आहे.

दुकानदार पन्नाशीकडे झुकलेला, दाढीवाला, भला थोरला माणूस. मला पाहताच तो उभा राहिला, टोपी काढली आणि तोंडातलं च्युइंगम गिळून टाकलं. असे संस्कार हल्ली दिसत नाहीत.

"मदर अँसेल्मा," तो म्हणाला. "तुम्ही? इथे?"

"तुम्ही मला ओळखता?"

"सेंट वेंडेलमध्ये तुम्हाला कोण ओळखत नाही?"

मला बरं वाटलं. (हा दोष असेल तर लिहिला.) त्याचं नाव ड्वेन ग्रुश्का.

बर्टिलाने आमची रक्कम सांगितली. त्याने दाढी खाजवली. "एवढ्यात पन्नासच्या दशकातला संच विसरा. साठच्यातला पण अवघडच. त्यात दोन-चार मोठ्या खेळाडूंची पहिली कार्डं असतात, ती एकटीच तुमचे सगळे पैसे खाऊन टाकतील. सत्तरच्या दशकात या. बाहत्तर सालचा मोठा आहे, आणि त्याचे शेवटचे नंबर मिळता मिळत नाहीत. कार्डं टप्प्याटप्प्याने निघायची; उन्हाळा संपेपर्यंत पोरांचा उत्साह संपायचा, दुकानदार कमी मागवायचे. पंच्याहत्तरचा घ्या. सहाशे साठ कार्डं, दोन-दोन रंगांच्या चौकटी, बघूनच हसू येतं."

त्याने तो संच दाखवला. गुलाबी आणि पिवळा. जांभळा आणि नारिंगी. बर्टिलाने टाळ्याच वाजवल्या. "अगं अँसेल्मा, हे बघ, सर्कस!" मी मदर आहे हे ती अशा वेळी विसरते.

मग मला बाजूच्या कपाटात एक कार्ड दिसलं. चारी बाजूंनी काळी चौकट, मध्ये साधा फोटो. गंभीर. आमच्या झग्यासारखं.

"हे कुठलं?"

"एकाहत्तरचं," ड्वेन म्हणाला. "ते नका घेऊ, मदर. काळ्या काठावर नखाचा ओरखडासुद्धा पांढरा दिसतो. कोरं करकरीत मिळणं महाकठीण, आणि मिळालं तर महाग. बजेटात बसवायचं तर पोरांनी हाताळलेली घ्यावी लागतील. कोपरे गेलेली, घडी पडलेली."

"त्या वर्षीचीच हवीत असं काही आहे का तुमचं?" त्याने विचारलं.

"साधेपणा हवा आहे," मी म्हणाले.

२१ फेब्रुवारी

समितीची बैठक. बर्टिलाचं मत पंच्याहत्तर सालाला. पॉलिकार्प बाहत्तर, कारण त्यातली अक्षरं मोठी आहेत आणि तिला ती डोळ्यांपासून दोन इंचांवर धरून वाचता येतात. मी एकाहत्तर. तिघींची तीन मतं झाल्यावर मी त्यांना आज्ञापालनाच्या व्रताची आठवण करून दिली. मग एकमत झालं.

आजचे दोष : बर्टिला बैठकीनंतर "सर्कसच बरी होती" असं पुटपुटली.

२५ फेब्रुवारी

आज राखेचा बुधवार. उपवासकाळ लागला. ड्वेनकडून साडेचारशे कार्डांचा पहिला गठ्ठा कालच आला, आणि रात्री सगळ्यांनी तो चाळूनही काढला. सगळी हाताळलेली, मळकी, आणि रकमेचा अर्धा भागही त्यात गेला नाही. मी जाहीर केलं की ईस्टरपर्यंत कोणतीही सिस्टर कार्डांना हात लावणार नाही. सुखाचा त्याग हवाच. वर्गवारीचं रूक्ष काम तेवढं मी माझ्या खोलीत करीन.

१३ मार्च

दुपारी वाचनाच्या तासाला वर्गवारी. वेदीवरच्या कापडाचे टाके तपासायचं भिंग वापरते. त्यातून पाहिलं की कळतं, मुलं किती बेफिकीर असतात! नंबर २१८ च्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीने "डेव्हीला देऊ नको" असं लिहिलं आहे. नंबर ९० ला दोन भोकं आहेत, सायकलच्या चाकात अडकवलं असणार. नंबर ४०३ चा वरचा उजवा कोपरा कुत्र्याने किंवा धाकट्या भावाने चावला आहे. तो कोणी अर्लिस केटरिंग आहे, चेंडू टाकणारा, म्हणजे हारजीत त्याच्याच नावावर. दोन मोसमांत तीन सामने जिंकला आणि अकरा हरला. त्याला कार्ड का दिलं असेल, देव जाणे.

अशा कार्डांचा संच म्हणजे संच नव्हे. नुसती गर्दी.

२० मार्च

ड्वेनने मला एक कोरं कार्ड दाखवलं. धारदार कोपरे, काठ अखंड. मी ते भिंगाखाली धरलं आणि मला अगदी प्रार्थनेत वाटतं तसं वाटलं. घेतलं. मळक्या वीस कार्डांच्या किमतीला. पण हे त्यागाच्या भावनेने घेतलं, कारण ते मी इतरांना दाखवूही शकत नाही.

फादर किलियन यांनी विचारलं, दोषांची वही कशी चालली आहे.

"भरत आली, फादर."

"इतक्या लवकर?" त्यांचा चेहरा कौतुकाने उजळला.

"सात जणींचे म्हणजे भरणारच."

त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी छातीचा फोटो काढून घ्यायला हवा.

१४ एप्रिल

ईस्टर झाला. कार्डं बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवावीच लागली. मी नियम लावला : हात धुवायचे, काठाने धरायचं, टेबलावर खाणं-पिणं नाही. दहा मिनिटांत नियमांचं काय झालं ते लिहवत नाही. बर्टिलाने सगळ्यांना संघ वाटून दिले. ज्या संघाची कार्डं ज्या सिस्टरकडे, तिने त्या खेळाडूंसाठी रोज प्रार्थना करायची. मग पाठीमागचे आकडे मोठ्याने वाचणं, हसणं, "हा बघ, हिवाळ्यात विमा विकतो म्हणे!" असं ओरडणं. पॉलिकार्पने संघ घेतलाच नाही. तिने एकच कार्ड मागितलं. ४०३. चावलेलं.

"हाच का?" मी विचारलं.

"अकरा वेळा हरला आहे गं," ती म्हणाली. "त्याला लागेल."

२१ एप्रिल

आजचे दोष गंभीर आहेत. दुपारच्या जेवणात मी संतचरित्र वाचत असताना बर्टिला टेबलाखाली कार्डं बघत होती. मला वाकलेली मान ओळखता येते. तेरा वर्षांचा अनुभव आहे. मी वाचन थांबवलं, तिच्याजवळ गेले आणि हात पुढे केला.

"आण इकडे."

"अँसेल्मा, मी त्र्याऐंशी वर्षांची आहे."

"आण."

तिने सहा कार्डं माझ्या हातावर ठेवली. एकावर लोणी लागलं होतं. ती मी जप्त केली. तिचा चेहरा लाल झाला आणि तिने दुपारी पोल्का लावला नाही. शिस्तीचा परिणाम किती लवकर दिसतो!

१५ मे

मी एक धाडसी निर्णय घेतला. संचातली सगळ्यात वाईट एक्केचाळीस कार्डं निवडली आणि ती देऊन ड्वेनकडून दोन कोरी घ्यायची ठरवली. सिस्टरांना सांगितलं नाही. त्यांना फरक कळला नसता.

ड्वेनने एकेक कार्ड पाहिलं. "ही हाताळलेली आहेत, पण खराब नाहीत," तो म्हणाला. "एवढ्यात कुणीतरी प्रेमाने हाताळली आहेत. खरंच द्यायची?"

"खरंच. मला सांगा, या वर्षाची चांगली कार्डं इतकी कमी का? तुम्ही म्हणालात काठ नाजूक असतो. पण आपल्या भागात तर मळकीसुद्धा मिळत नाहीत. तुम्ही सगळी ओहायोतून मागवता."

त्याने कार्डं खाली ठेवली. मग सावकाश म्हणाला, "मदर, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"एकाहत्तर. मे महिना. मी चौथीत होतो. खिडकीजवळची रांग, तिसरं बाक. तुम्ही दर शुक्रवारी वर्गावर्गांत यायचात, बुटांचा रिकामा खोका घेऊन. माझी दोनशे अकरा कार्डं होती. त्या दोनशे अकरांसाठी मी दोन उन्हाळे लोकांच्या अंगणातलं गवत कापलं होतं. शाळेच्या तळघरात बॉयलर होता."

मला तो खोका आठवला. त्याचा चेहरा नाही. "शाळेत फालतू वस्तू आणायला बंदी होती," मी म्हणाले.

"हो मदर."

"तू स्पेलिंगमध्ये कच्चा होतास का रे?"

"अजून आहे."

त्याने एक्केचाळीस कार्डं ठेवून घेतली आणि दोन कोरी दिली. दारापर्यंत पोचवायलाही आला. माझ्या शिस्तीमुळेच आज त्याचं स्वतःचं दुकान आहे, असं मी गाडीत बर्टिलाला म्हणाले. तिने गाडीचा वेग वाढवला.

१६ मे

दर शुक्रवारी एक खोका. तेरा वर्षं.

आज दोष लिहायला वेळ नाही.

२ जून

पॉलिकार्प ४०३ विचारते आहे. मी सांगितलं, वर्गवारीत आहे. हे खोटं नाही. कुठल्या तरी वर्गवारीत ते असणारच.

९ जून

पुन्हा विचारलं. ती रोज दुपारी खिडकीशी बसून रिकामा हात डोळ्यांपासून दोन इंचांवर धरते आणि प्रार्थना करते. "त्याचा चेहरा मला पाठ झाला आहे," म्हणते, "पण धरायला काहीतरी बरं वाटतं." बर्टिला माझ्याकडे बघते. ती तीन मतं कुणाची होती हे मला पुन्हा आठवायला लागलं आहे.

२३ जून

आता मात्र कहर झाला. पॉलिकार्पच्या नावाने आयोवाहून पत्र आलं. तिने मार्चमध्येच, माझ्या परवानगीशिवाय, उपवासकाळात, अर्लिस केटरिंगला पत्र लिहिलं होतं! पत्ता बर्टिलाने संगणकावर शोधून दिला. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं :

"सिस्टर, अडतीस वर्षांत माझ्या कार्डाबद्दल मला पत्र लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मी दुधाची गाडी चालवत होतो, आता निवृत्त आहे. माझ्याकडे स्वतःचं एकही कार्ड उरलेलं नाही. जुलैमध्ये बहिणीकडे विस्कॉन्सिनला येतो आहे. अकरा तारखेला वाटेत थांबलो आणि ते कार्ड एकदा पाहिलं तर चालेल का?"

सगळ्या टाळ्या वाजवू लागल्या. पॉलिकार्प रडली. बर्टिलाने लगेच काय शिजवायचं त्याची यादी सुरू केली. मग एकेक करून सगळ्या माझ्याकडे वळल्या, कारण वर्गवारी माझ्याकडे होती.

मी म्हणाले, "काढून ठेवते."

२४ जून

बर्टिलाने गाडी चालवली. मी काहीच सांगितलं नव्हतं, तरी तिने विचारल्याशिवाय दुकानासमोर थांबवली आणि स्वतः आत आली नाही.

४०३ समोरच होतं, काचेखाली.

"किती घेशील याचे?"

"ते विकायचं नाही," ड्वेन म्हणाला.

"ड्वेन, ते डॉलरभराचंही नाही."

"म्हणूनच."

मी त्याला पॉलिकार्पचं सांगितलं. केटरिंग येतो आहे तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग खण उघडून पिवळ्या कागदांची वही काढली, पेन्सिल काढली, आणि पहिल्या ओळीवर काहीतरी लिहून वही माझ्याकडे सरकवली. "तुम्ही फळ्यावर लिहायचात, आम्ही शंभरदा उतरवायचो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

त्याने लिहिलं होतं : मी दुसऱ्याची वस्तू घेणार नाही.

एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं. मी आधी ते दुरुस्त केलं. मग स्टूल ओढून बसले.

सत्ताविसाव्या ओळीला एक गिऱ्हाईक आलं. त्याने मला पाहिलं, टोपी काढली आणि उलट्या पावली बाहेर गेला. तोही माझाच विद्यार्थी असणार. चाळिसाव्या ओळीला ड्वेन म्हणाला, "बास, मदर. मी गंमत करत होतो. घेऊन जा ते."

"अर्धवट काम मी कुणाकडून स्वीकारलं नाही," मी म्हणाले.

बोटं दुखायला लागली. सत्तराव्या ओळीच्या आसपास मला एक गोष्ट आठवली. तो खोका तळघरात मी कधीच नेला नाही. जिन्यावर काळोख असायचा, झग्याला काजळी लागायची. तो मी मुलांनाच न्यायला लावत असे. ज्याची कार्डं सगळ्यात जास्त, त्याने. बॉयलरचं दारही त्यानेच उघडायचं. मला ते शैक्षणिक वाटत असे.

"ड्वेन," मी मान वर न करता विचारलं, "त्या मे महिन्यात खोका कुणी नेला होता?"

तो काचेवरची धूळ पुसत होता. पुसतच राहिला.

मी शंभर ओळी पूर्ण केल्या. त्याने मोजल्या नाहीत. मी मोजल्या होत्या. त्याने ४०३ दिलं, आणि कागदी पिशवीत बाकीची चाळीसही घालून दिली. मी त्याला काही म्हणणार होते, पण लॅटिनमध्ये 'माझाच अपराध' असं जे तीनदा छाती बडवून म्हणता येतं ते दुकानात उभं राहून एकदा म्हणायला फार जड जातं. शेवटी म्हटलं. इंग्रजीत. त्याने पुन्हा टोपी काढली, आणि ती घालायचं विसरला.

११ जुलै

अर्लिस केटरिंग आला. मी उंच, रुंद खेळाडूची कल्पना केली होती. हा वाकलेला, सावध चालणारा, इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा. दारात त्याने आठही जणींशी हात मिळवला आणि प्रत्येकीला "मॅडम" म्हणाला.

बर्टिलाने बिअरमध्ये उकडलेले सॉसेज, आंबवलेला कोबी आणि बटाट्याचं सॅलड केलं होतं. टेबलावर खाणं चालू असतानाच पॉलिकार्पने ४०३ त्याच्या हातात दिलं. त्याची बोटं ओशट होती. मी माझा रुमाल उचलला. मग खाली ठेवला.

तो बराच वेळ कार्डाकडे बघत होता. "हा फोटो काढला त्या दिवशी मला वाटलं होतं, आता वीस वर्षं इथेच," तो म्हणाला. "पुढच्या ऑगस्टमध्ये घरी पाठवलं."

"अकरा हार," पॉलिकार्प म्हणाली. "मी मोजल्या आहेत."

"त्यातल्या चार माझ्या चुकीने नव्हत्या, सिस्टर."

"सगळे तसंच म्हणतात," बर्टिला म्हणाली, आणि तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"हे कोणी चावलं?" त्याने कोपरा दाखवला.

"कुणी तरी पोराने. जपून ठेवलं होतं म्हणून तर उरलं," पॉलिकार्प म्हणाली. "तुम्ही घेऊन जा."

"नको. इथेच असू दे. तिकडे त्याच्यासाठी प्रार्थना कोण करणार?"

तो गेल्यावर कार्डावर अंगठ्याचा तेलकट ठसा राहिला. भिंगाखाली रेघ न रेघ दिसते. हे मी फक्त नोंद म्हणून लिहिते आहे.

३ ऑगस्ट

मी सभा बोलावली आणि सगळं सांगितलं. एक्केचाळीस कार्डांचं, कोऱ्या कार्डांचं, खोक्याचं. माझ्या खोलीत आता मार्चपासून गुपचूप आणलेली तीनशे बारा धारदार कोपऱ्यांची कार्डं आहेत, आणि ओटिली ब्रँटचे पैसे संपले आहेत, हेही सांगितलं. मी म्हणाले, राजीनामा देते.

"बस खाली, अँसेल्मा," बर्टिला म्हणाली. "पुन्हा निवडणूक कोण घेणार? त्या कोऱ्या कार्डांचं काय करायचं ते सांग."

मी सांगितलं. आठ विरुद्ध शून्य.

"पण वकिलाला काय कळवायचं?" कुणीतरी विचारलं. "मजा केली का आपण?"

"मी केली," पॉलिकार्प म्हणाली.

६ सप्टेंबर

चर्चच्या पत्रकात सूचना छापून आली : "१९६६ ते १९७९ या काळात सेंट वेंडेल शाळेत ज्यांची बेसबॉलची कार्डं काढून घेतली गेली, त्यांनी वीस तारखेला रविवारच्या मिस्सा प्रार्थनेनंतर सभागृहात यावं. मदर अँसेल्मा." फादर किलियन यांनी विचारलं, किती जण येतील. मी म्हणाले, तीन-चार. लोक जुन्या गोष्टी विसरतात.

२० सप्टेंबर

रांग सभागृहातून बाहेर, वाहनतळ ओलांडून, कब्रस्तानाच्या फाटकापर्यंत गेली होती. सगळे चाळिशी-पन्नाशीतले बाप्ये. टकलू, ढेरपोटे, दोघे सूट घालून, एक कुबडीवर. कुणी ढकलाढकली करत नव्हतं. मी दिसताच सगळे सरळ उभे राहिले आणि बोलणं बंद झालं. ड्वेन रांगेच्या कडेने चिठ्ठ्यांवर नंबर लिहून वाटत होता.

मी टेबलावर तीनशे बाराच्या तीनशे बारा कार्डं मांडली होती, प्रत्येक प्लॅस्टिकच्या पाकिटात, नंबरवार. मार्चपासूनचं माझं सगळं काम. एक ओरखडा नाही.

पहिला आला तो गॉर्डी श्लिम. आता नांगरांचे सुटे भाग विकतो. मला आठवला : लहानखुरा, शेंबडा, सतत घाबरलेला.

"माझी सतरा होती, मदर," तो म्हणाला.

"एकच देता येईल, गॉर्डन. बाकीच्या सोळांबद्दल..." पुढचं मला नीट बोलता आलं नाही. पाठीमागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या शांततेत मी ते पुन्हा म्हणाले, पूर्ण.

त्याने मान हलवली. मग टेबलावर वाकून तो खूप वेळ शोधत राहिला. शेवटी एक उचललं. मी ते मे महिन्यात घेतलं होतं. त्याच्यासाठी एक्केचाळीसांपैकी अर्धी गेली होती. गॉर्डीने ते पाकिटातून बाहेर काढलं, पाकीट टेबलावर ठेवलं, कार्ड नाकाशी नेऊन वास घेतला, आणि पँटच्या मागच्या खिशात कोंबलं.

मी रिकामं पाकीट बाजूला ठेवलं.

तो बाहेर गेला, ट्रकचं दार उघडून त्या खिशावर बसला आणि निघून गेला.

"पुढचा," मी म्हणाले.